नादार: होय

सरकारी फॉर्म खरा भरायचा नसतो, कारकून सांगेल तसा भरायचा असतो, हे राळेगावात शेंबडं पोरही जाणतं. विमलताई डंभाऱ्यांना मात्र वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी खरं लिहायची हुक्की आली, आणि त्या एका शब्दापायी अकरा बायकांचं हातातोंडाशी आलेलं काम जायची वेळ आली.

या अकरा बायकांच्या बचत गटाचं नाव सावली. विमलताई अध्यक्ष आणि शमसुन्निसा सचिव. शमसुन्निसाला सगळ्या शमसूभाभी म्हणत. उन्हाळ्यात पापड-कुरड्या, दिवाळीला चिवडा, लग्नसराईत पोळ्या लाटायला जाणं, असं गटाचं चाले. पाच महिने मान वर करायला फुरसत नाही आणि सात महिने हात रिकामे. अशात राळेगावात मुलींचं नवं वसतिगृह झालं आणि तिथल्या मेससाठी महिला गटांकडून अर्ज मागवले गेले. ऐंशी मुली, सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, बारा महिने. गटातल्या वर्षाने, जी दोन लेकरं घेऊन माहेरी परत आली होती, काम मिळणारच म्हणून पुण्याला धुण्याभांड्याला जायचं रद्दही करून टाकलं. अर्ज यवतमाळच्या ऑफिसात द्यायचा होता.

बारा पानी अर्ज विमलताईंच्या ओसरीत बसून भरला. सतराव्या रकान्यात विचारलं होतं: ‘संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणास यापूर्वी नादार ठरविण्यात आले आहे काय? असल्यास वर्ष.’

शमसूभाभी म्हणाल्या, "नादार मतलब गरीब. थे त आपन सगळ्याच हावो."

"गरीब नाही वो," विमलताई म्हणाल्या. "नादार म्हंजे ज्याईची शाळेत फी माफ राहे थे. मी होती. आठवीत."

हे खरंच होतं. त्या काळी शाळेत गरीब घरच्या पोरांना फी माफ करत, त्याला नादारी म्हणत. महिन्याच्या दहा तारखेला हेडमास्तर फीचं रजिस्टर घेऊन वर्गात येत आणि ‘नादार उभे राहा’ म्हणत. चार मुलगे आणि एकटी विमल उभी राही. बेचाळीस वर्षं झाली तरी ते उभं राहणं त्यांच्या गुडघ्यात होतं. खोटी माहिती आढळल्यास अर्ज बाद होईल, असं पहिल्याच पानावर जाड अक्षरात छापलेलं होतं. विमलताईंनी रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: होय, १९८३.

"गरिबीत शिकलो म्हून दोन मार्क जास्तच भेटतीन," शमसूभाभी म्हणाल्या.

सोमवारी यवतमाळहून फोन आला. अर्जात त्रुटी आहे, येऊन जा. दोघी एसटीने गेल्या. टेबलावर रजत नावाचा कारकून होता. तिशीतला, भला दिसणारा, पण समोरच्या छापील यादीबाहेर एक पाऊल न टाकणारा.

"ताई, सतरा नंबरले होय लिहलं तुमी. मंग मुक्तता आदेश काहून नाही जोडला?"

"कायचा आदेश?"

"मुक्ततेचा. नादारीतून सुटल्याचा कागद. शुक्रवारी पाचच्या आत पाह्यजे. शनिवारी दराची पाकिटं उघडतीन."

नादारीतून सुटल्याचा कागद म्हणजे शाळेचाच काहीतरी दाखला, असा विमलताईंनी सरळ अर्थ लावला. तुम्ही-आम्हीही हाच लावला असता. मंगळवारी त्या आपल्या जुन्या शाळेत गेल्या. हेडमास्तरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने शिपायाकरवी कपाटातून जनरल रजिस्टर काढवलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत नोंद शोधली. विमल वामन झाडे, आठवी ब. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं: ‘दि. १८ ऑगस्ट १९८३ पासून नादार.’

ऑगस्टपासून. म्हणजे जून-जुलैची फी बापाने भरली होती. विमलताईंना ते वर्ष असं एकदम आठवलं की त्या खुर्चीत मागे टेकल्या. वामनराव झाड्यांचं राळेगावच्या चौकात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तासाला पंचवीस पैसे. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘विमल सायकल स्टोअर्स’. शाळा राळेगावात, घर मात्र तिथून तीन किलोमीटरवरच्या खेड्यात. विमलला शाळेसाठी एक लहान लेडीज सायकल होती, हिरवी, पुढे टोपली असलेली. त्याच पावसाळ्यात दुकान बंद पडलं आणि हिरवी सायकलही दिसेनाशी झाली. कुठे गेली विचारलं तर बाप तिच्याकडे न पाहता म्हणाला, "पोरीच्या जातीले सायकल कायले पाह्यजे?"

तेवढं एकच वाक्य. बापाने सायकल विकून टाकली, असं तिने धरून घेतलं. पुढची तीन वर्षं ती चिखल तुडवत शाळेत गेली, पण तिच्या मनात रुतलं ते हे वाक्य. ज्या माणसाने दुकानाला लेकीचं नाव दिलं त्याने असं बोलावं, याचा राग तिला आला तो आलाच. लग्नानंतर माहेरी गेली की ती आईशी बोले आणि बापाला चहा नेऊन ठेवी. अकरा वर्षांपूर्वी म्हातारा गेला तेव्हा ती रडली, पण राग काही गेला नाही.

"उतारा देऊ?" हेडमास्तरीणबाईंनी विचारलं.

"दे बाई, शिक्का मारून दे."

बुधवारी तो उतारा रजतच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उलटसुलट पाहिला.

"हा त शाळेचा हाय."

"मंग नादारी शाळेतच राहते ना."

रजतने पेन खाली ठेवलं. "ताई, नादार म्हंजे दिवाळखोर. कोर्टानं ज्याचं दिवाळं जाहीर केलं थो. कायद्याच्या मराठीत त्याले नादार म्हंतेत. तुमी लिहून देल्लं का तुमचं १९८३ साली दिवाळं निघालं."

विमलताईंच्या कानशिलात कोणी मारल्यासारखं झालं. आयुष्यात किराणावाल्याची उधारी दुसऱ्या महिन्यात जाऊ न दिलेली बाई. शमसूभाभींनी आधी सावरलं. "अरे भाऊ, हे तेरा वर्षाची होती तवा. तेरा वर्षाच्या पोरीचं दिवाळं कसं निघन?"

"मले समजते भाभी. पन यादीत लिहलं हाय: होय असल्यास सक्षम न्यायालयाचा आदेश. आता तुमचं होय मी नाही कसं करू?"

"मंग मीच खोडतो," विमलताई म्हणाल्या.

"दाखल झालेला अर्ज हाय. खाडाखोड दिसली का पूर्ण बाद."

"मंग करू काय मी?"

"कोर्टातून आना. तुमच्या नावानं अशी नोंदच नाही असा कागद. निरंक म्हंतेत त्याले."

घडलेल्या गोष्टीचा कागद मिळवताना माणसाच्या नाकी नऊ येतात. इथे न घडलेल्या गोष्टीचा मिळवायचा होता आणि हातात दोन दिवस होते. सतराव्या रकान्याच्या वेळी ‘दोन मार्क जास्त’ आपणच म्हणालो हे परतीच्या गाडीत शमसूभाभींना टोचत होतं.

संध्याकाळी त्यांच्या सुनेने, कहकशांने, मोबाइलवर कोर्टाची वेबसाइट उघडली. नाव टाका, साल टाका, मग वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहा. तीनदा अक्षरं चुकली. चौथ्यांदा पान उघडलं आणि लिहून आलं: नोंद सापडली नाही.

"झालं की," विमलताई म्हणाल्या. "हेच काढून दे कागदावर."

कहकशांने मान हलवली. "आंटी, नोंद सापडली नाही म्हंजे केस नाही असं नाही होत. इतकी जुनी कागदं कॉम्प्युटरवर चढवलीच नसतीन. हे फक्त म्हनते का आमच्याकडं नाही." तरीही विमलताईंनी पाच रुपये देऊन प्रिंट काढलीच. रजतला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, शिक्का कुठं हाय त्याच्यावर?

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने त्या एकट्याच यवतमाळला गेल्या. शमसूभाभी दराचे कागद पुरे करायला मागे थांबल्या. कोर्टात पहिल्या खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "केस नंबर?"

"केस नाही."

"केस नाही त कोर्टात कायले आल्या?"

"केस नाही असा कागद पाह्यजे."

"कोनती केस नाही?"

विमलताई पिशवीत कागद चाचपू लागल्या. मागच्या माणसाने कोपराने सरकवलं. त्या बाजूला होऊन पुन्हा रांगेत लागल्या. दुसऱ्यांदा त्यांनी पाठ करून म्हटलं, "१९८३ साली नादार ठरवलेल्या लोकाईत माझं नाव नाही, असा दाखला पाह्यजे." माणसाने दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या खिडकीने अर्जाचा नमुना बाहेर टायपिंगवाल्याकडे मिळेल म्हणून सांगितलं. टायपिंगवाल्याने नाव विचारलं. विमल प्रभाकर डंभारे. त्याने टाइप केलं, कोर्ट फीचं तिकीट लावलं. दुसऱ्या खिडकीने तो परत केला, कारण १९८३ साली बाईचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हाच्या नावाने अर्ज पाहिजे. पुन्हा टायपिंगवाला, पुन्हा तिकीट. विमल वामन झाडे. मग त्या नावाची आणि आताच्या नावाची बाई एकच हे दाखवणारा कागद. तो पिशवीत होता, कारण विमलताई शाळेच्या उताऱ्यापासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत अख्खा जन्म पिशवीत घालून निघाल्या होत्या. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. जेवणाची सुट्टी झाली.

सुट्टीनंतर अर्ज घेतला गेला आणि त्यांना रेकॉर्ड रूमकडे धाडलं. तिथे हिरासिंग नावाचा जुना माणूस होता. सहा महिन्यांनी निवृत्त होणार, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्याने अर्ज सावकाश वाचला. चार दिवसांत कोणी कागद पूर्ण वाचलेला विमलताईंनी प्रथमच पाहिला.

"तेरा वर्षाच्या होत्या तुमी," तो म्हणाला.

"हे तुमाले दिसलं. आनखी कोनाले नाही दिसलं."

"दिसून काय करता बाई. रजिस्टर पाहाच लागते. उद्या या अकराले."

"उद्या पाचची मुदत हाय."

"म्हून त अकराले म्हनलं."

विमलताई घरी आल्या त्या चिडून आल्या. पोळ्या करताना त्यांनी दोनदा तव्याचा चटका लावून घेतला. वर्षाने येऊन हळूच विचारलं, "काकू, होईन ना?" आणि विमलताई तिच्यावर ओरडल्या. मग वाईट वाटून तिच्या लेकरांसाठी चार पोळ्या बांधून दिल्या. आपल्या एका खऱ्या शब्दाचं एवढं ओझं दहा जणींच्या डोक्यावर बसावं, याचा त्यांना संताप येत होता, आणि संताप काढायला माणूस सापडत नव्हता. रजत खोटं बोलत नव्हता. खिडकीवरचाही नियमाने वागत होता. सगळे बरोबर होते आणि काम होत नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या आधीच त्या रेकॉर्ड रूमच्या दाराशी होत्या. हिरासिंगने कापडी बांधणीचं लांबलचक रजिस्टर टेबलावर काढून ठेवलं होतं. १९७९ ते १९८८, नादारी अर्ज. जिल्ह्यात दहा वर्षांत दिवाळं निघालेल्या लोकांची गणती एवढ्या एका पुस्तकात मावली होती. मागच्या बाजूला नावांची सूची, अक्षरवार.

त्याने चष्मा पुसला आणि ‘झ’चं पान काढलं. झाडे नव्हते.

"निरंक," तो म्हणाला.

विमलताईंनी पिशवी उचलली.

"थांबा. नावावरूनबी पाहाच लागते. काही काही जुने कारकून पहिल्या नावानं लिहत." त्याने ‘व’चं पान उलटलं आणि बोट खाली नेता नेता थांबवलं. मग त्याने विमलताईंकडे पाहिलं.

"बाई, हाय की नाव."

पानावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: विमल सायकल स्टोअर्स, राळेगाव, प्रोप्रायटर वामन सोनबाजी झाडे. अर्ज क्रमांक ७, सन १९८३. आणि पुढच्या रकान्यात: नादार ठरविले, दि. २ ऑगस्ट १९८३.

विमलताईंनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे माहे बाबा."

"मालूम नव्हतं तुमाले?"

"नाही. धंदा बसला म्हनत. लूना आल्या, सायकली कोन नेते, असं म्हनत."

हिरासिंगने रजिस्टर आपल्याकडे वळवलं आणि सरकारी आवाजात म्हणाला, "मानूस वेगळा हाय. निरंक देता येते. साहेबाच्या सहीले ठेवतो, तीन वाजतीन." आणि जरा थांबून, "फाइल हाय का पाहू? एवढी जुनी म्हंजे असन त असन."

फाइल होती. तपकिरी पडलेली, नाडीने बांधलेली, तीस-पस्तीस पानांची. त्याने ती टेबलाच्या आपल्याच बाजूला, स्वतःच्या नजरेसमोर उघडली. बघा, पण हात लावू नका, म्हणाला.

पहिल्या पानांवर विमलताईंना काही कळेना. ऋणको, धनको, प्रापक, असे शब्द. हिरासिंग एकेक सांगत गेला. ऋणको म्हणजे तुमचे बाबा. धनको म्हणजे नागपूरचा व्यापारी, त्याच्याकडून चाळीस सायकली उधारीवर घेतल्या होत्या. प्रापक म्हणजे कोर्टाचा माणूस, तो सगळं ताब्यात घेऊन विकतो आणि ज्यांचं देणं आहे त्यांना वाटतो. "दिवाळं काहाडनं म्हंजे पळून जानं असं लोकाईले वाटते," तो म्हणाला. "पळून जानारा कोर्टात येत नाही बाई. हे सोताच्या पायानं आलते. जे हाय थे घ्या अन् मले मोकळं करा, असं म्हनाले आलते."

मग मालमत्तेची यादी आली. ती बापाच्या हातची होती. ‘ल’च्या पोटात ठिपका देण्याची त्याची सवय विमलताईंनी लगेच ओळखली. सायकली जेन्ट्स, एकेचाळीस. पंप, दोन. पाने-पकडी, पेटी एक. लाकडी बाक. पाटी, पत्र्याची, एक. तांब्याचा हंडा. आणि शेवटी, यादी संपल्याची रेघ मारून झाल्यावर, रेघेखाली:

‘सायकल लेडीज लहान, हिरवी, एक. ही दुकानाची नाही. माझी मुलगी आठवीत आहे, तिची शाळेची आहे. शाळा लांब आहे. ही यादीत धरू नये ही हात जोडून विनंती.’

बाजूच्या मोकळ्या जागेत दुसऱ्या कोणाच्या हातचं, बारीक अक्षरात: वगळता येत नाही. ताब्यात घेतली. खाली बापाची सही, मिळाल्याची नव्हे, दिल्याची.

विमलताईंना यापुढचं वाचता आलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि उभ्या उभ्याच रडल्या. खिडकीतला शिपाई वळून पाहू लागला तेव्हा हिरासिंगने त्याला हाताने जा म्हणून सांगितलं.

"माह्याशी त म्हने पोरीच्या जातीले सायकल कायले पाह्यजे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "असं काहून म्हनलं असन?"

"मंग काय सांगते तुमाले? तेरा वर्षाच्या पोरीले काय सांगते, का कोर्टानं नेली?" हिरासिंग पानं नीट लावत म्हणाला. "रागावली त राहू दे म्हनलं असन."

"याची नक्कल भेटन?"

"भेटन ना. पन येगळा अर्ज, येगळं तिकीट, अन् सोमवारच्या आत नाही. आज तुमाले निरंक पाह्यजे का हे, थे ठरवा. सायेब एकच सही करून निंगून जातीन."

ठरवायला होतं काय? विमलताईंनी फाइलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "निरंक." हिरासिंगने नाडी बांधली. शेवटची दहा-बारा पानं, बाप त्यातून सुटला कधी आणि कसा, ती न वाचताच राहिली.

निरंक मिळाला सव्वातीनला. ऑटो मिळाला चारला. अर्ज दिला होता त्या ऑफिसात पोचल्या तर रजत जागेवर नव्हता आणि त्याच्या टेबलाला हात लावायला कोणी तयार नव्हतं. विमलताईंच्या अंगात आता काहीतरी वेगळंच शिरलं होतं. त्या रजतच्या टेबलावरचा आपला अर्ज उचलून सरळ आतल्या केबिनमध्ये घुसल्या आणि तिथल्या अधिकारी मॅडमच्या टेबलावर एकेक कागद मांडला: अर्ज, शाळेचा उतारा, निरंक.

मॅडमनी उतारा वाचला, मग सतरावा रकाना वाचला आणि त्यांना हसू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. "अहो, ही शाळेची नादारी. ‘होय’वर रेघ मारा, शेजारी ‘नाही’ लिहा आणि सही करा."

"खाडाखोड चालते?"

"सही केली की चालते."

"मंग हे सोमवारीच काहून नाही सांगतलं?"

"सोमवारी मी दौऱ्यावर होते," मॅडम म्हणाल्या, आणि निरंकाचा कागद परत करायला पुढे केला. "याची गरज नव्हती खरं तर."

पाच दिवस, यवतमाळच्या चार खेपा, दोनदा टायपिंग, आणि याची गरज नव्हती. विमलताईंच्या जिभेवर आलेलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते गिळलं, कारण दहा जणी घरी वाट पाहत होत्या. पेन घेतलं, ‘होय’वर रेघ मारली. मग शेजारी ‘नाही’ लिहायचं होतं. पाच दिवस त्या या एका शब्दासाठी धावल्या होत्या, आणि आता तो लिहिणं त्यांच्या जिवावर आलं. रकान्यात प्रश्न पदाधिकाऱ्यांचा होता, त्यांच्या बापाचा नव्हता, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ‘नाही’ लिहिलं, सही केली. घड्याळात पाचला बारा कमी होते.

काम सावलीला मिळालं, हे इथेच सांगून टाकतो. शनिवारी पाकिटं उघडली, तीन गटांत त्यांचे दर सगळ्यात कमी निघाले, आणि वर्षाने विमलताईंच्या दारात येऊन पेढा त्यांच्या तोंडात कोंबला. एक तारखेपासून चूल पेटवायची होती. सोमवारी सगळ्या जणी मोठी पातेली बघायला बाजारात निघाल्या.

"ताई, तुमी नाही येत?" शमसूभाभींनी विचारलं.

"मी यवतमाळले जाऊन येतो."

"आता कायले? काम त झालं."

"गटाचं झालं," विमलताई म्हणाल्या.

कोर्टात पहिली खिडकी, दुसरी खिडकी, टायपिंगवाला. या वेळी केस नंबर होता, त्यामुळे सगळे कसे सुतासारखे सरळ वागले. नक्कल अर्जाचा नमुना घेऊन विमलताई बाकावर बसल्या. पक्षकाराचे नाव: वामन सोनबाजी झाडे. पक्षकाराशी नाते: मुलगी. कोणती पाने: सर्व. त्यापुढचा रकाना होता, नक्कल कशासाठी पाहिजे. शेजारी बसलेल्या माणसाच्या अर्जावर त्यांनी नजर टाकली. त्याने लिहिलं होतं, न्यायालयीन कामासाठी. सगळेच तेवढंच लिहितात, टायपिंगवालाही तेच म्हणाला होता. खिडकीवरच्याला विचारलं तर तोही तेच सांगणार होता.

गेल्या आठवड्यात त्यांना पुरती अद्दल घडली होती. तरी त्यांनी पेन उचललं आणि खरं तेच लिहिलं. रकाना दोन बोटांचा, त्यामुळे अक्षरं शेजारच्या ‘कार्यालयीन उपयोगासाठी’मध्ये गेली आणि तिथून खाली उतरली: बाबांनी माझी सायकल विकली म्हणून बेचाळीस वर्षं त्यांच्यावर राग धरला. त्यांनी ती विकली नव्हती. हे मला घरी नेऊन परत परत वाचायचं आहे.

खिडकीवर नेमका हिरासिंग बसला होता, कोणाच्या तरी जागी. त्याने अर्ज नेहमीसारखा सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचला. त्या रकान्यापाशी तो थांबला, पुढे वाचलं, परत मागे आला. मग त्याने शाईच्या पॅडवर शिक्का दाबला आणि अक्षरं झाकली जाणार नाहीत अशी जागा शोधत म्हणाला, "कारन जरा मोठं झालं बाई."

"मोठंच हाय," विमलताई म्हणाल्या.